भिंतीकडच्या खिडक्या

४ फेब्रुवारी

घर मिळालं. नवराही मिळाला, पण आधी घर म्हणते. नवऱ्यावाचून माझी चाळिशी उलटली आणि काही अडलं नाही. घरावाचून मात्र एकेक दिवस ढकलावा लागला. सकाळी नोंदणी कार्यालयात सह्या झाल्या. दादा-वहिनी साक्षीदार. वहिनीने पेनाला टोपण लावता लावताच माझ्या झोपायच्या जागी आता कपाट कसं छान बसेल, ते दादाला सांगून टाकलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं तिचं आधीपासूनच आहे. त्यांच्याकडे मी दोन खोल्यांमधल्या बोळात झोपायचे. डोक्याशी भिंत, पायाशी भिंत, खिडकी नाही.

इथे स्वयंपाकघरालाही खिडकी आहे! यांनी माझ्यासाठी कपाटातले दोन कप्पे आणि दारामागची एक खुंटी रिकामी करून ठेवली होती. मी माझा हिरवा स्वेटर खुंटीला अडकवला, काढला आणि पुन्हा अडकवला. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, त्यातली गत झाली.

घरात आम्ही तिघं. हे कचेरीत नकाशे आखतात, पन्नाशीचे, शांत. स्थळ या घराखालच्या शिवणवालीने आणलं. ती म्हणाली होती की माणूस गायीसारखा गरीब आहे, आवाज चढवणं त्याला ठाऊक नाही. पहिली बायको घर सोडून गेली, हे यांनीच सांगितलं. तिचं नशीब. सासूबाई पुढच्या खोलीत खिडकीपाशी खुर्चीत बसून असतात. मी वाकून नमस्कार केला तर म्हणाल्या, पहिली उंच होती. म्हटलं, असू दे. घरोघरी मातीच्या चुली.

८ फेब्रुवारी

आज मागची खोली नीट पाहिली. तिथे यांची आगगाडी आहे. तीन भिंतींना धरून फळी, फळीवर रूळ, आणि रुळांवर इंजिन, मालडबे आणि दोन प्रवासी डबे. सगळं कागदाचं! चाकं तेवढी विकतची, आणि इंजिनाच्या पोटात बोटाएवढी मोटर. गाडी या टोकाहून त्या टोकाला जाते आणि तशीच उलटी मागे येते. वळत कुठेच नाही, म्हणून डब्यांची एक बाजू कायम खोलीकडे आणि दुसरी कायम भिंतीकडे.

हे डब्याचे भाग संगणकावर आखतात आणि रंगासकट जाड कागदावर छापतात. मग कापायचं, घडीच्या रेघेवरून सुरीची बोथट पाठ फिरवायची, दुमडायचं, पट्ट्यांना गोंद लावायचा. हे मला शिकवावं लागलं नाही. छापखान्यात बाइंडिंगच्या टेबलावर माझं तरुणपण गेलं. छापखाना बंद पडला, हात बंद पडले नाहीत. ही वहीसुद्धा उरल्यासुरल्या कागदांची मीच बांधलेली आहे.

यांचे हात अलीकडे थरथरतात. मालडब्याचा एक कोपरा दुमडायला बसले होते, जमेना. मी त्यांच्या हातातून घेतला, दुमडला, आणि कापलेली कड पांढरी दिसत होती तिला तपकिरी पेन्सिल लावली. यांनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले की असा कोपरा या घरात फार दिवसांनी झाला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. माझ्या हातांनी आजवर किती कामं केली, पण त्यांना चांगलं कुणी म्हटलं नव्हतं.

दोन गोष्टी त्यांनी बजावून सांगितल्या. एक, कागद हलका, म्हणून डबा बंद करण्याआधी तळाला लोखंडी वॉशर चिकटवायचे, नाहीतर डबा रुळावर ठरत नाही. दुसरं, छप्पर सगळ्यात शेवटी. ते एकदा चिकटलं की आत हात जात नाही. कागद फाटतो, उघडत नाही.

१४ फेब्रुवारी

जुने दोन प्रवासी डबे पहिलीने कापलेले आहेत. बाईचा हात खरोखर देखणा होता, उगाच कशाला खोटं बोलू. पण अक्कल पाहा: भिंतीकडच्या खिडक्यासुद्धा तिने एकेक कापल्या आहेत. तिकडून कोण बघायला येणार आहे? मी असते तर छापलेल्या करड्या चौकोनांवर भागवलं असतं.

दुसऱ्या डब्यात एक प्रवासी आहे. पिवळा स्वेटर घातलेली बाई, कमरेपर्यंतची, छापून कापलेली आणि बाकावर चिकटवलेली. खोलीकडच्या खिडकीत बसली आहे. यांना विचारलं कोण, तर म्हणाले प्रवासी. मी हसले. एवढ्या मोठ्या डब्यात एकटीच बिचारी.

१५ फेब्रुवारी

पिवळ्या स्वेटरवाली भिंतीकडच्या खिडकीत बसली आहे. मी काल नीट पाहिलं नसेल.

२० फेब्रुवारी

सासूबाईंनी आज कहर केला. सकाळी चहात साखर जास्त, दुपारी पोळी जाड, संध्याकाळी मी चालते त्याचा आवाज होतो. प्रत्येक वाक्याच्या शेवटी पहिली. पहिली असं करायची, पहिली तसं करायची. मग शिवणवालीसमोर म्हणाल्या की भावाने हिला खपवली, लग्न झाल्यापासून एक फोन नाही. हे खरं आहे, म्हणूनच लागलं. एवढी पहिली लाडकी होती तर ती गेली कशाला, असं ओठावर आलं होतं. गिळलं. याच खुर्चीत बसून त्या तिलाही असंच सोलत असणार, आणि तिच्या वेळी पहिली म्हणून कुणाचं नाव घेत असतील कोण जाणे.

तिसऱ्या डब्याचे कागद छापून झालेत. लांबडा डबा, मध्ये आडवी भिंत, छप्पर दोन तुकड्यांचं. प्रवाशांच्या कागदावर चक्क सासूबाई! तोच पांढरा अंबाडा, तीच राखाडी शाल, खाली वळलेले ओठ. हे म्हणाले की समोर जो दिसतो त्यालाच काढतो, कल्पनेतली माणसं मला जमत नाहीत.

२२ फेब्रुवारी

यांनी विचारलं, भिंतीकडच्या खिडक्या कापायच्या का. मी म्हटलं, कोण बघतंय? फुकटची मेहनत. त्यांना पटलं. म्हणाले, तुझ्यासारखी व्यवहारी बाई हवीच होती. तेव्हा त्या बाजूला खिडक्या आतून-बाहेरून नुसत्या छापलेल्या, करड्या, आणि पुठ्ठा जाड, मीच निवडलेला.

सासूबाई मी कापल्या. शालीच्या झालरीतला एक धागा सोडला नाही. मग कुठे बसवायचं ते यांनी माझ्यावर सोपवलं, आणि मी त्यांना पुढच्या भागात भिंतीकडे बसवलं, तोंड त्या छापील खिडकीकडे करून. बसा पुठ्ठा बघत! लहान मुलीसारखं हसू येत होतं. छपराचा पुढचा तुकडा चिकटवला आणि गोंद धरेपर्यंत दोन बोटांनी दाबून ठेवला. मागचा तुकडा राहू दे, असं हे म्हणाले.

२३ फेब्रुवारी

चहा घेऊन पुढच्या खोलीत गेले तर खुर्ची रिकामी. न्हाणीघरात नाहीत, जिन्यात नाहीत. काठी नाही, चष्मा नाही, औषधांचा डबा नाही. यांना सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं आणि अगदी मायेने म्हणाले की घरात आपण दोघंच तर आहोत. फडताळात कप दोनच होते.

शिवणवालीकडे धावले. तिने तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि मलाच विचारलं, कोण म्हातारी? स्थळ सांगतानाच नव्हतं का सांगितलं, की सासूचा जाच नाही म्हणून?

मी घाबरले. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढचं लिहायला लाज वाटते. दुपारी माझ्या चवीचा चहा केला, भरपूर गोड, आणि त्या खुर्चीत खिडकीपाशी बसून प्यायले. कुणी काही म्हटलं नाही. फार बरं वाटलं.

२६ फेब्रुवारी

टेबल आवरताना बरणीच्या झाकणात वॉशर दिसले. तिसऱ्या डब्यात वजन घालायला मी विसरले होते. घाईत, त्या हसण्याच्या भरात. म्हणजे तो डबा रुळावर ठरायलाच नको. इंजिनाने ओढला की आडवा पडायला हवा.

पडत नाही. मी मोटर चालू करून पाहिली. ठाम धावतो. उचलला तर पुढून जड, मागून हलका.

कानाशी धरला. आतून खरखर. कुणी पुठ्ठ्यावर नख ओढावं तशी. थांबते, पुन्हा सुरू होते. भिंतीकडच्या बाजूने, जिथे खिडकी छापली आहे बरोबर तिथून.

यांना वॉशरचं सांगितलं. ते म्हणाले, मालडब्यांनाच लागतात ते. प्रवासी डब्यांना कधी लागले नाहीत.

२८ फेब्रुवारी

हे कचेरीत गेल्यावर छपराच्या कडेत सुरी घातली. सासूबाई कितीही वाईट असोत, मी त्यांना पुठ्ठ्याकडे तोंड करून बसवलं, मीच. सुरी जेमतेम केसभर आत गेली आणि आतून असा आवाज आला की ती हातातून पडली. म्हातारं माणूस जिन्यावरून पडताना ओरडतं तसा. छप्पर फाटत होतं, आणि छपराबरोबर आणखी काहीतरी.

हे दारात उभे होते. विसरलेला जेवणाचा डबा न्यायला परत आले होते. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. फाटलेल्या जागी बोटाने गोंद लावत म्हणाले की तुला सांगितलं होतं, कागद उघडत नाही. आईला आता कुठे आराम मिळालाय. दिवसभर बोलायची, तिलाच त्रास व्हायचा.

मी पिवळ्या स्वेटरबद्दल विचारलं. त्यांनी लपवलं नाही. तिचा हात फार सुरेख होता, म्हणाले, पण तीही पुढे पुढे बोलायला लागली. डब्यात बसलं की माणूस जागच्या जागी राहतं. मग जेवणाचा डबा उचलून ते निघून गेले, आणि जाताना दार हळू लावलं.

२ मार्च

प्रिंटरच्या तोंडाशी नवा कागद. हिरवा स्वेटर. मी.

फाडला. त्यांनी पुन्हा छापला. पुन्हा फाडला. तिसऱ्यांदा छापताना म्हणाले की कागद महाग झालाय, उगाच नासू नकोस.

मी सांगितलं, मी कापणार नाही. जीव गेला तरी नाही. ते म्हणाले, बरं.

४ मार्च

दादाला फोन केला. वहिनीने उचलला. मी नाव सांगितलं, न्यायला या म्हटलं, बोळातसुद्धा झोपेन म्हटलं. ती म्हणाली की चुकीचा नंबर लागला, आमच्या यांना बहीण नाही, आणि ठेवला. आता हे डब्यामुळे झालं की आपलं नेहमीचंच, मला सांगता येत नाही. वहिनीचं काही सांगता येत नाही.

खाली उतरले. शिवणवालीच्या दुकानाशी थांबले. तिने चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, तुम्ही साहेबांकडे नव्यानेच कामाला लागलात का? मग आवाज खाली करून म्हणाली, एकटा माणूस आहे हो बिचारा, त्याच्यासाठी एक स्थळ आहे माझ्याकडे. मुलगी भरतकाम करते. हात फार स्वच्छ आहे तिचा.

रस्त्यावर साधी झुळूक आली. मला भिंत धरावी लागली. माझ्यात वजनच नाही.

परत वर आले. दुसरीकडे कुठे जाणार.

६ मार्च

हे स्वतः कापायला बसले. मी दारातून पाहत होते. हात थरथरत होता. डाव्या हाताशी आले, सुरी घसरली, आणि माझी करंगळी—

रक्त नाही. एक थेंब नाही. टोक सपाट कापलं गेलंय आणि आत पांढरं आहे. स्वच्छ, पांढरं, दाबलेल्या लगद्याचं. असा कागद मी आयुष्यभर कापला, ओळखणार नाही का?

मी तपकिरी पेन्सिल लावली. कड पांढरी दिसू नये म्हणून. हात आपोआप गेला. लावून झाल्यावर कळलं मी काय केलं ते, आणि मग ओरडले. त्यांनी कपाळाला आठी घातली.

७ मार्च

चेहरा राहिलाय. ते म्हणाले उद्या चेहरा कापतो. त्या हातांनी. नाक, डोळे, कान—

नाही. तो चेहरा माझा आहे. दिसायला बरा नाही, पण माझा आहे.

८ मार्च

मी कापला.

सुरी मागून घेतली. नवं पातं बसवलं. हनुवटीशी श्वास धरला, कानांशी कागद फिरवला, सुरी नाही. आयुष्यात इतकं चांगलं काम झालं नव्हतं. हे शेजारी उभे राहून बघत होते. म्हणाले, पाहा, तुझ्यासारखा हात कुणाचा नाही.

पहिलीनेही स्वतःला स्वतःच कापलं असणार. एवढं सफाईदार काम दुसऱ्या कुणाचं असतं? मला तिची दया आली. आधी का आली नाही, तिचे दोन डबे रोज हाताळत होते तरी?

९ मार्च

खुंटीवर स्वेटर नाही. फडताळात कप एकच.

यांना एकच मागणं मागितलं. खोलीकडची खिडकी. कापलेली. बाकी काही नको. त्यांनी डबा दाखवला. खोलीकडच्या बाजूचा बाक त्यांनी काढून टाकलाय, तिथे सामानाची फळी लावलीय. जागा उरली ती भिंतीकडे.

मग ती खिडकी तरी कापू द्या, म्हटलं. छापलेली आहे ती. एकच. म्हणाले, बाजू चिकटून गेल्या, आता सुरी फिरत नाही आत. आणि तूच तर म्हणाली होतीस—

हो. मीच.

तरी सुरी उचलायला गेले. उचलेना. दोन्ही हातांनी उचलेना—

१० मार्च

कमरेखाली काही नाही. गोंद थंड आहे.

वही बरोबर आली. पेन्सिलही. तपकिरी.

बाक कडक. समोर खिडकी. करडी. काचेची चमक दाखवायला यांनी एक तिरकी पांढरी रेघ छापली आहे. खरी वाटते लांबून. जवळून ठिपके दिसतात. नख ओढून पाहिलं. पुठ्ठा जाड निवडला होता. मीच निवडला—

खाली गाडी हलतेय. डबा आडवा पडला नाही. आता माझं वजन आहे तर.

शेजारच्या डब्याला खिडक्या आहेत. दोन्हीकडे. तिथून कुणीतरी चौकटीवर बोटं वाजवतंय. मला बोलावत असेल. मला दिसणार कसं—

वरचा उजेड अर्धा झाला. छपराची कड. यांची दोन बोटं, थरथरणारी. नीट धरा हो, वाकडं बसेल—

मधल्या भिंतीपलीकडून सासूबाई. स्वच्छ ऐकू येतंय. म्हणतात, पहिलीने भिंतीकडच्यासुद्धा काप—